घरी कसे जाणार?

बाई कुणालाही "कसे आहात" असं विचारत नसत. समोर कुणीही येवो, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "घरी कसे जाणार?"

लिफ्टपाशी बसणाऱ्या मलय सिक्युरिटी अंकलना, कँटीनमध्ये टेबलं पुसणाऱ्या चिनी आजींना, इंटरव्ह्यूला आलेल्या पोरांना आणि आमच्या मॅनेजरलाही तोच प्रश्न. इंग्रजीत, हिंदीत, मराठीत, आणि वेळ पडली तर मोडक्यातोडक्या मलयमध्ये. मी पहिल्या दिवशी नवाकोरा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीचा परवाना, घेऊन सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या त्या औद्योगिक इमारतीत शिरले, तर पांढऱ्या केसांच्या, सुती साडीखाली पळायचे बूट घातलेल्या एक बाई समोर आल्या आणि म्हणाल्या, "घरी कशी जाणार?"

मला वाटलं, पहिल्याच दिवशी हाकलतायत.

"आत्ताच तर आलेय," मी म्हणाले.

"ते दिसतंय मला. संध्याकाळी कशी जाणार?"

"चालत. इथंच मागच्या ब्लॉकमध्ये खोली घेतलीये."

"उत्तम," एवढं बोलून त्या निघून गेल्या. माझं नाव त्यांनी विचारलं ते पुढच्या आठवड्यात. मी त्यांना मॅडम म्हणायला लागले तर म्हणाल्या, "मी काय शाळा तपासायला आलेय? बाई म्हण." म्हणून बाई.

आमचं ऑफिस काय करायचं ते आधी सांगते, कारण फोनवर सांगितलं तेव्हा आईला वाटलं होतं की मी पोलिसात लागले. अमेरिकेत काही ठिकाणी दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्या लोकांसाठी वेगळं कोर्ट असतं. तिथं माणसाला नुसतं तुरुंगात टाकून मोकळे होत नाहीत. वर्ष-दीड वर्ष त्याला न्यायाधीशासमोर पुन्हा पुन्हा हजर राहावं लागतं, उपचार घ्यावे लागतात, कधीही बोलावणं आलं की तपासणीला जावं लागतं. चुकला तर चार दिवस आत, टिकला तर टाळ्या. खर्चाचं आणि चिकाटीचं काम. त्यामुळे जागा मोजक्या आणि पकडलेले रग्गड. मग कुणाला आत घ्यायचं? तिथल्या एका जिल्ह्यासाठी ही निवड करायची प्रश्नावली आणि तिच्यामागचं गणित आमची कंपनी सिंगापुरात बसून तयार करत होती.

गणित माझ्याकडं होतं. माणसं बाईंकडं होती. त्या मूळच्या यवतमाळच्या. लग्न करून अमेरिकेला गेल्या आणि तिथं अशाच एका कोर्टात समुपदेशक म्हणून त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. यजमान गेल्यावर इथं चोआ चू कांगला लेकीकडं राहायला आल्या. कंपनीनं त्यांना सल्लागार म्हणून आठवड्यातून तीन दिवस बोलावलं होतं. त्या रोज यायच्या. मॅनेजर म्हणाला, "बाई, आम्ही तीनच दिवसांचे पैसे देतो." त्या म्हणाल्या, "मग दोन दिवस माझ्याकडं बघू नकोस."

आता माझ्याविषयी. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली. संख्याशास्त्रात एम.एस्सी., तीही पुण्याला वसतिगृहात राहून. हे मी कुठंही सांगते आणि सांगताना लाजत नाही. सांगत नव्हते ते अण्णांचं. माझे वडील दूध संघाचा टँकर चालवायचे. दारूपायी ती नोकरी गेली, मग शेजारच्या भाऊसाहेबांच्या पिकअपवर लागले. दारू तिथंही बरोबर गेली. आईचा फोन अवेळी वाजला की तो लगेच उचलायचं धाडस होत नसे. अण्णांनी कुणाला उडवलं असेल, नाहीतर स्वतःच कुठं खड्ड्यात गेले असतील. पिऊन गाडी चालवणाऱ्यांपैकी कुणाला वाचवायचं याचं गणित मी मांडत होते आणि माझ्या घरचा माणूस तशाच अवस्थेत रोज संध्याकाळी रस्त्यावर होता. ऑफिसात हे कुणालाच माहीत नव्हतं.

तिकडून यायच्या त्या फायलींवर नावं नसायची, नुसते क्रमांक. बाईंना क्रमांक चालत नसत. "क्रमांक दारू पीत नाही गं," म्हणायच्या, आणि प्रत्येक फाईलला मराठी नाव ठेवायच्या. तेही नुसतं चिकटवायचं म्हणून नाही. आधी फाईल वाचायच्या, चष्मा कपाळावर सारायच्या, छताकडं बघायच्या, आणि मग बारसं व्हायचं. सोपान, बाळ्या, माधवराव, दगडू. माझ्या शेजारी बसणारी मेई इथलीच, पुंगोलची. तिला सहा महिन्यांत ही नावं इतकी सरावाची झाली की ती सकाळी आल्या आल्या विचारायची, "टुडे हाऊ? दगडू कॅन ऑर नॉट?" अमेरिकेतला कुठला तरी गोरा बाप्या, त्याचं नाव दगडू, आणि त्याची चौकशी करणारी मेई. मला आधी हसू यायचं. नंतर लक्षात आलं की त्या नावांमुळे आम्ही तिघी ती माणसं विसरत नव्हतो. जेवताना, बसची वाट बघताना मेई मधेच म्हणायची, "आय थिंक बाळ्या इज लाइंग."

बाळ्याचं सांगते. तरणा पोरगा, तीनदा पकडला गेलेला. मी म्हणाले, हा तर उपचारालाच हवा. बाई म्हणाल्या, "काहून? बाळ्याला दारूचं व्यसन नाही, मस्तीचं आहे. शनिवारी पितो, सोमवारी आठवणही नसते. त्याला डॉक्टर नको, पाळत हवी. गाडीत फुंकणी बसवा." फुंकणी म्हणजे गाडीत बसवायचं ते यंत्र, ज्यात फुंकल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. त्याचं खरं लांबलचक इंग्रजी नाव बाईंनी कधी उच्चारलं नाही. बाईंच्या मते सगळी निवड दोनच गोष्टींवर होती. हा पुन्हा करेल का, आणि सोडणं याच्या एकट्याच्या हातात उरलंय का. पहिल्याचं उत्तर 'करेल' आणि दुसऱ्याचं 'नाही' असेल, तरच ते कोर्ट. बाकीच्यांना दुसरी औषधं.

संध्याकाळी बाई आमच्या इमारतीसमोरच्या कॉफीशॉपमध्ये जाऊन बसत. पंख्याखाली तिथले अंकल लोक बिअरच्या मोठ्या बाटल्या घेऊन बसलेले असायचे. बाई त्यांच्या शेजारच्या टेबलावर बिनसाखरेची काळी कॉफी घेऊन बसायच्या आणि काहीही करायच्या नाहीत. पर्समध्ये ठेच्याची बाटली असायची. भूक लागली तर नूडल्स मागवून त्यात ठेचा कालवायच्या. एका अंकलनी कुतूहलानं चमचाभर चाखला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "आंटी, यू ड्रिंक बेटर, लाह."

मी एकदा बरोबर गेले. विचारलं, "बाई, यांना काही विचारत का नाही तुम्ही?"

"विचारलं की माणूस उत्तर बनवतो. गप्प बसलं की बोलतो."

आणि खरंच, थोड्या वेळानं शेजारचे अंकल आपणहून आमच्याकडं वळून म्हणाले, "टुडे ओन्ली टू बॉटल." त्यांच्या टेबलाखाली रिकाम्या बाटल्यांची रांग होती. बाईंनी गंभीर चेहऱ्यानं मान हलवली आणि विचारलं, "हाऊ यू गो होम, अंकल?" अंकलनी समोरच्या ब्लॉककडं बोट दाखवलं. "व्हेरी गुड," बाई म्हणाल्या आणि पुन्हा नूडल्सकडं वळल्या.

परतताना मला म्हणाल्या, "जगात कुठंही जा, पकडलेला माणूस 'दोनच' सांगतो. यवतमाळात दोनच, अमेरिकेत दोनच, इथंही दोनच. तीन म्हणणारा मला अजून भेटला नाही. आणि दोन म्हणून खरोखरच दोन असणाराही भेटला नाही."

त्यांचं हे 'दोनच' मी पुढं एका दिवाळीच्या पार्टीत पाहिलं. आपल्याच मराठी लोकांची पार्टी, एका कॉन्डोच्या हॉलमध्ये, भर दुपारी. फराळ इकडं आणि बाटल्या तिकडं, असा सगळा बेत. बाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर शंकरपाळ्यांचा रिकामा डबा. येणाऱ्याला प्रश्न तोच. ट्रेननं म्हणाला तर आत जा. गाडीनं म्हणाला तर, "किल्ली डब्यात." बायका हसत होत्या, पुरुष कानकोंडे होत होते. एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले गृहस्थ निघताना किल्ली मागायला आले.

"काकू, फक्त दोन घेतले हो मी."

"कुणाच्या मापाचे?"

"म्हणजे?"

"तुमच्या मापाचे की ओतणाऱ्याच्या?"

"काकू, मी पंधरा वर्षं गाडी चालवतोय इथं."

"म्हणून तर सांगते. पंधरा वर्षांची सवय बसली की माणूस रस्त्याकडं बघत नाही. फोन करून ड्रायव्हर बोलवा. तुमचीच गाडी, तो चालवेल, तुम्ही मागं बसा. साहेब दिसाल."

गृहस्थ खूप चिडले. त्यांची बायको मात्र बाईंच्या मागं उभी राहून हळूच म्हणाली, "देऊ नका." ड्रायव्हर येईपर्यंत बाईंनी त्या गृहस्थांना शेजारी बसवून चकल्या खायला घातल्या आणि त्यांच्या आईची चौकशी केली. जाताना ते पाया पडून गेले. हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून सांगते. पुढच्या पार्टीचं आमंत्रण मात्र बाईंना आलं नाही.

माझं आणि बाईंचं भांडण झालं ते गणितावरून.

मी केलेलं काम चोख होतं. आजही म्हणते, हिशेबात एक चूक नव्हती. जिल्ह्यानं मागितलं होतं की उपचाराचा कार्यक्रम कोण पूर्ण करेल ते सांगा. मी जुन्या फायली घेतल्या, पूर्ण करणारे कोण आणि गळणारे कोण ते पाहिलं, आणि नव्या माणसांना गुण दिले. जास्त गुण तो वर, कमी गुण तो खाली. मॅनेजर खूश झाला. मी पान छापून बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वरून खालपर्यंत वाचलं, मग कागद गर्रकन फिरवला आणि उलटा माझ्या हातात दिला.

"असा धर. आता बरोबर आहे."

"बाई, ही गंमत नाही. सहा महिने घालवलेत मी."

"मीही गंमत करत नाही. वर कोण आहे? माधवराव. पहिल्यांदा सापडला. बायको आहे, नोकरी आहे, मुलाखतीत रडला, माफीचं पत्र लिहिलं. हा माणूस दंड भरेल, महिनाभर कुणाला तोंड दाखवणार नाही आणि आयुष्यात पुन्हा करणार नाही. त्याला दीड वर्ष दर आठवड्याला कोर्टात उभा केलास तर नोकरी जाईल त्याची. मग लागेल प्यायला."

"पण तो पूर्ण करेल."

"करेल की. निरोगी माणसं दवाखान्यात भरती कर, एकही मरणार नाही. दवाखान्याचं नाव होईल."

मला राग आला. खरं सांगायचं तर फार आला. माझं सगळं आयुष्य याद्यांवर पुढं सरकलं होतं. शिष्यवृत्तीची यादी, वसतिगृहाची यादी, एम.एस्सी.च्या प्रवेशाची यादी. फलकापाशी गर्दीत घुसून मी वरून नाव शोधायला लागायचे आणि ते वरच सापडायचं. ज्याला गुण त्याला जागा, याहून न्याय्य गोष्ट मला माहीत नव्हती. आमच्यासारख्या घरातल्या पोरीला दुसरं कोण वर घेणार होतं? आणि ही बाई सांगते यादी उलटी धर.

मी ते सगळं त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुझं बरोबर आहे," म्हणाल्या. "शिकायची जागा असेल तर ज्याला जमेल त्याला द्यावी. ही ती जागा नाही गं पोरी. हे बक्षीस नाही. कुणी दवाखान्यात खाट मिळाल्याचे पेढे वाटतं का?"

मॅनेजरनं दोघींना समजावलं. तो पुण्याचा, बोलायला गोड. "बाई, तुमचं तत्त्व मान्य. पण क्लायंटला सक्सेस रेट हवाय. पुढच्या महिन्यात तुमचं कॉन्ट्रॅक्ट बघायचंय, तेव्हा जरा..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. बाईंनी विचारलं, "तू आज घरी कसा जाणार?" तो म्हणाला, "गाडीनं." "सावकाश जा," त्या म्हणाल्या. संपलं.

त्या आठवड्यात दगडूची पूर्ण मुलाखत आमच्याकडं आली. तोवर आमच्याकडं त्याचा गोषवारा होता आणि माझ्या यादीत तो तळाला होता. चौथ्यांदा पकडलेला. लाकडाच्या कारखान्यात कामाला. गावाबाहेर एकटा राहणारा. सुदैवानं आजवर कुणाला इजा झाली नव्हती. मुलाखत घेणाऱ्यानं शेरा मारला होता, 'उद्धट. बदलण्याची इच्छा दिसत नाही.' मी ती मुलाखत वाचायला घेतली. त्याला विचारलं होतं, या कोर्टात यायला तयार आहेस का? तो म्हणाला होता, येईन. मग दारू सोडशील ना? त्यावर त्याचं उत्तर होतं, येईन म्हणालो ना, वचन मागू नका, वचनं खूप दिली आहेत मी.

मी ते वाचलं आणि खुर्चीतून उठून पाणी प्यायला गेले. कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, मराठीत, आमच्या ओट्यावर.

दूध संघानं एका वर्षी एका ड्रायव्हरला स्वतःच्या खर्चानं व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायचं ठरवलं होतं. जागा एक, नावं दोन. दुसरा ड्रायव्हर सणावारी पिणारा. तो साहेबांच्या पाया पडला, रडला, लेकराची शपथ घेतली. अण्णांना विचारलं, तर अण्णा म्हणाले, "येतो म्हणतो. पण सुटंल असं लिहून देत नाही." साहेब म्हणाले, याची इच्छाच नाही. जागा त्या दुसऱ्याला गेली. अण्णा घरी आले, ओट्यावर बसून हे सगळं जसंच्या तसं आईला सांगितलं आणि म्हणाले, "खोटं बोलायला पाहिजे होतं." मी तेव्हा नववीत होते, आत बसून भूमिती सोडवत होते.

जिल्ह्याच्या लोकांबरोबर आमची बैठक सकाळी आठला स्क्रीनवर व्हायची. त्यांच्याकडं आदल्या दिवसाची संध्याकाळ. न्यायाधीश बाई होत्या, जाडजूड, हातात कॉफीचा मोठा मग. एक जागा रिकामी झाली होती आणि आमच्या पद्धतीची परीक्षा म्हणून त्यांनी दोन फायली पुढं ठेवल्या, माधवराव आणि दगडू. त्यांना अर्थात ही नावं माहीत नव्हती.

मॅनेजरनं माधवरावांची बाजू मांडली. छान मांडली. बाईंनी दगडूची मांडली. त्यांना फारसा वेळ लागला नाही. त्या म्हणाल्या, पहिल्या माणसाला तुमची गरज नाही. दुसऱ्याला तुम्ही घेतलं नाहीत तर तो तुरुंगातून सुटून परत त्याच रस्त्यावर येईल, कारण कारखान्यापासून घरापर्यंत त्याला दुसरं काही वाहन नाही. त्याला कुणी विचारलंय का, घरी कसा जातोस?

न्यायाधीश बाईंनी दोन्ही फायली चाळल्या. मग म्हणाल्या, गणित करणारी व्यक्ती इथं आहे का? तिचं काय म्हणणं आहे?

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मॅनेजरच्या चेहऱ्यावर 'पहिला म्हण' असं स्पष्ट लिहिलं होतं. माझा पास कंपनीच्या हातात, घरचा महिन्याचा खर्च माझ्या पगारावर. मी म्हणाले, "आमचं गणित कोण टिकेल ते सांगतं. कुणाला गरज आहे ते सांगत नाही. तुम्ही आम्हाला पहिलाच प्रश्न विचारला होता, म्हणून आम्ही पहिल्याचंच उत्तर दिलं. दुसरा विचारा, यादी बदलेल."

माझं इंग्रजी वसतिगृहात शिकलेलं आहे, फार सफाईदार नाही. पण त्यांना कळलं. त्यांनी मग खाली ठेवला, दोन्ही फायली पुन्हा चाळल्या आणि दगडूची वर ठेवली. माधवरावांना दंड, काही महिने फुंकणी आणि घर.

स्क्रीन बंद झाल्यावर मेई म्हणाली, "दगडू कॅन." मॅनेजर कॉफी आणायला गेला. येताना चार कप घेऊन आला, हेही सांगायला हवं. बाईंचं कॉन्ट्रॅक्ट त्यानंच पुढं वाढवलं, पाच दिवसांचं करून.

त्या दिवशी दुपारी कॉफीशॉपमध्ये मी बाईंना अण्णांचं सांगितलं. टँकर, पिकअप, दूध संघ, ओटा, सगळं. मला वाटलं त्या पाठीवरून हात फिरवतील. त्यांनी नूडल्स बाजूला सारल्या आणि विचारलं, "ते घरी कसे जातात?"

"पिकअपनं."

"रात्री ती कुणाच्या दारात असते?"

"आमच्या. सकाळी लवकर निघायचं असतं म्हणून."

"मालकाचं घर किती लांब?"

"शेजारीच. मधे एक गोठा."

"मग तिला तुमच्या दारात काय काम? अड्ड्यावर जायच्या आधी गाडी मालकाच्या दारात, किल्ली मालकाच्या खिशात. आज फोन कर. दारूचं नंतर बघू. आधी त्यांच्या हातून कुणी मरू नये, आणि तेही मरू नयेत."

इतकी वर्षं आई रडली, मी रुसले, मामानं कानाखालीसुद्धा वाजवली. पण पिकअप कुणाच्या दारात उभी राहते, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. मी तिथूनच भाऊसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "एवढंच ना ताई? मला वाटायचं अण्णाला राग येईल, म्हणून मीच बोललो नाही." अण्णांना राग आलाच. आठ दिवस ते भाऊसाहेबांशी बोलले नाहीत. पण अड्ड्यावरून घरी चालत आले. आईचे फोन येत राहिले, पण आता मी ते पहिल्याच रिंगला उचलत होते.

मग गावाकडच्या व्यसनमुक्ती केंद्राला फोन केला. तालुक्यापासून जवळचंच, खाटा थोड्या. तिथल्या माणसानं विचारलं, "पेशंटची तयारी आहे का, ताई? तयारी नसेल तर आम्ही घेत नाही. जागा वाया जाते."

बाई समोर बसल्या होत्या. त्या नूडल्समध्ये ठेचा कालवत होत्या.

"येतील," मी म्हणाले. "पण सुटेल असं ते म्हणणार नाहीत. तुम्ही विचारूही नका. रडणार नाहीत, पाया पडणार नाहीत. अशांना तुम्ही घेत नसाल तर मग घेता कुणाला?"

पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग तो माणूस म्हणाला, "घेऊन या."

मी रजा काढून गेले. अण्णांना म्हणाले, "वचन नको. नुसतं चला." त्यांनी माझ्याकडं बघितलं, उठले, आणि आईला म्हणाले, "माझा टॉवेल दे."

एका फेरीत झालं असं कुणी समजू नये. पहिल्यांदा ते केंद्रातून आले आणि पोळ्याच्या सुमारास परत प्यायले. मी फोनवर रडले तर बाई म्हणाल्या, "चालत गेले की गाडीनं?" चालत, मी म्हणाले. "मग बिघडलं काय? परत पाठव." दुसऱ्यांदा गेले. आज ठीक आहेत. उद्याचं ते सांगत नाहीत, मीही विचारत नाही. दगडूचंही तसंच काहीसं झालं म्हणे. मधे एका बैठकीत न्यायाधीश बाईंनी सांगितलं, तो दोनदा चुकला, दोनदा आत जाऊन आला, अजूनही माझ्याकडं रागानं बघतो, पण दर आठवड्याला येतो, कारखान्यातल्या एका सोबत्याच्या गाडीतून. बाईंनी त्या दिवशी अख्ख्या मजल्याला बर्फी वाटली. कुणी विचारलं कशाबद्दल, तर म्हणाल्या, "दगडू येतो."

बाई आता ऑफिसात येत नाहीत. गुडघे बोलतात. चोआ चू कांगच्या ब्लॉकखाली, मोकळ्या जागेत दगडी टेबलापाशी बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला प्रश्न विचारतात. मागच्या उन्हाळ्यात अण्णा आणि आई बुकित बातोकला माझ्याकडं आले. बाईंना भेटवायचं म्हणून मी अण्णांना घेऊन निघाले, पण ऐन वेळी ऑफिसचा फोन आला. अण्णा म्हणाले, "तू थांब. मी जातो. मला जमतंय." मी मागून आलेल्या ट्रेननं पोचले तेव्हा दोघं समोरासमोर बसले होते. कोण काय बोललं होतं मला माहीत नाही. मधे ठेच्याची बाटली आणि बिस्किटांची पुडी होती. अण्णांचे डोळे लाल होते. ठेच्यानं, असं दोघांनीही सांगितलं.

मी मनात काय काय जुळवून गेले होते. बाईंचे आभार मानायचे, वाकून नमस्कार करायचा. बाईंनी मला बोलूच दिलं नाही. त्यांनी अण्णांना विचारलं, "मग, घरी कसे जाणार?"

अण्णांनी खिशातून ट्रेनचं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं, पूर्वी टँकरचं लायसन ठेवायचे तसं.

"हिच्याबरोबर कशाला? एकटा जाईन. दोनच स्टेशनं आहेत."

बाईंनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. मग हात पुढं केला आणि एकेक बोट दुमडत म्हणाल्या, "बुकित गोम्बाक. बुकित बातोक." दुमडलेल्या दोन बोटांकडं बघत त्या जरा थांबल्या.

"हं," माझ्याकडं वळून त्या म्हणाल्या. "ही खरंच दोन निघाली गं."